स्वतः जोडलेला पहिला संगणक: हार्ड डिस्क फिरते, पण बायोसमध्ये दिसत नाही

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सुटे भाग आणून संगणक जोडण्याचे काम मी प्रथमच केले आहे. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी आहे, मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा आहे, रॅम १६ जीबी आणि एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) ५५० वॅटचा, मॉड्युलर, म्हणजे ज्याच्या केबली वेगळ्या काढता येतात असा आहे. पहिल्या एम.२ स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरील एसएसडीच्या खाचेत) १ टीबीची नवी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज ११ टाकले. दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली ५१२ जीबीची एनव्हीएमई आहे. तिच्यावरची माहिती आधीच दुसरीकडे घेऊन तिचा मोठा भाग मी पुसला आहे. इथपर्यंत सर्व सुरळीत चालते.

अडचण ४ टीबीच्या साडेतीन इंची हार्ड डिस्कची आहे. साटाची (हार्ड डिस्क जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीची) डेटा केबल आणि वीज केबल दोन्ही नीट बसवल्या आहेत. संगणक सुरू केल्यावर डिस्कवर हात ठेवला तर ती फिरताना स्पष्ट जाणवते, आवाजही नेहमीसारखाच आहे. पण बायोसमधील (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डच्या मूळ कार्यक्रमातील) साठवणुकीच्या यादीत फक्त दोन एसएसडी दिसतात आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येही हार्ड डिस्कचा पत्ता नाही. डेटा केबल बदलून पाहिली, फरक पडला नाही. दुकानदाराने विकताना ही डिस्क आपल्या यंत्राला लावून दाखवली होती, त्यामुळे ती मुळातच सदोष असेल असे वाटत नाही. केबल मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातील शेवटच्या पोर्टला लावली आहे, कारण कॅबिनेटमधील डिस्कच्या जागेपासून तेच सर्वांत जवळ पडते.

याच्याशी जोडलेला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या जुन्या डेस्कटॉपमधील १ टीबीची हार्ड डिस्कही या संगणकाला जोडायची आहे. तिच्यावर घरातील जुनी छायाचित्रे आणि आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. नवी डिस्क घेतली ती मुख्यतः हे सारे सुरक्षित ठेवण्यासाठीच. जुनी डिस्क जोडताना तिच्यावरील काहीही पुसले जाऊ नये, यासाठी काय काळजी घ्यावी?

दुरुस्ती_कट्टा

आपण दिलेली माहिती पुरेशी तपशीलवार असल्यामुळे शोधाची दिशा बरीच अरुंद करता येते. साडेतीन इंची डिस्कमध्ये मोटारीला १२ व्होल्ट लागतात आणि डिस्कखालच्या इलेक्ट्रॉनिक पाटीला ५ व्होल्ट. मोटार फिरवण्याचा आदेश ती पाटीच देते, त्यामुळे डिस्क फिरते आहे याचाच अर्थ दोन्ही पुरवठे पोहोचत आहेत आणि पाटीही निदान प्राथमिक पातळीवर जिवंत आहे. बायोसमध्ये डिस्क दिसत नसताना विंडोजमध्ये उपाय शोधण्यात अर्थ नाही, कारण जे बायोसला दिसत नाही ते विंडोजला सहसा दिसत नाही. ड्रायव्हर, फॉरमॅट, पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) हे सर्व पुढचे टप्पे आहेत. दोष असेल तर तो बहुधा डेटा केबल, पोर्ट किंवा बायोसची मांडणी यांपैकी एका ठिकाणी आहे, आणि केबल तर आपण बदलून पाहिलेली आहे.

माझा संशय पोर्टवर आहे. आपल्या दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवलेली आहे आणि साटा केबल शेवटच्या पोर्टला आहे, हा योग महत्त्वाचा आहे. चिपसेटकडे, म्हणजे मदरबोर्डवरील मुख्य जोडणी-चिपकडे, बाहेरच्या उपकरणांशी बोलण्यासाठी मोजक्याच मार्गिका असतात आणि मदरबोर्ड बनवणारे त्यांतील काही मार्गिका एम.२ स्लॉट आणि साटा पोर्ट यांच्यात सामायिक ठेवतात. बी५५० चिपसेटच्या अनेक मदरबोर्डांवर पहिला एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, तर दुसरा चिपसेटमधून जातो. त्या दुसऱ्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की ५ आणि ६ क्रमांकांची साटा पोर्टे आपोआप बंद होतात. बायोस त्याबद्दल काहीही कळवत नाही. पोर्ट बाहेरून शाबूत दिसते, केबल घट्ट बसते, वीज वेगळ्या केबलने येत असल्यामुळे डिस्क फिरतेही, पण पलीकडे ऐकणारे कोणी नसते.

मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत साठवणुकीच्या प्रकरणात याचे एक कोष्टक असते, ते एकदा वाचावे. पोर्टांचे क्रमांक मदरबोर्डवर त्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेले असतात. संगणक बंद करून, एसएमपीएसच्या मागचे बटण बंद करून आणि भिंतीवरची पिन काढून डेटा केबल १ क्रमांकाच्या पोर्टला लावावी. केबल थोडी ताणली जात असेल तर लांब केबल आणावी, पण वाकवून किंवा ओढून बसवू नये. तरीही डिस्क दिसली नाही तर बायोसमध्ये साटा कंट्रोलर चालू आहे ना आणि त्याची पद्धत एएचसीआय (साटा डिस्कशी बोलण्याची नेहमीची पद्धत) आहे ना, हे पाहावे.

चाचणीसाठी दुसरी एसएसडी काढून पाहण्याचा मोह होईल. ती आताच काढू नये. विंडोज टाकताना ती जागेवर असेल, तर संगणक सुरू करणारे छोटे पार्टिशन नव्या एसएसडीऐवजी तिच्यावर असण्याची शक्यता आहे. आधी डिस्क मॅनेजमेंट उघडून "ईएफआय सिस्टम पार्टिशन" असे नाव कोणत्या डिस्कच्या ओळीत आहे ते पाहावे आणि येथे कळवावे.

तारयंत्र

वरील निदान मला पटते. मी फक्त वीज केबलीविषयी लिहितो, कारण आपला एसएमपीएस मॉड्युलर आहे आणि आता जुनी डिस्क जोडण्यासाठी आपल्याला आणखी एक वीज जोडणी लागणार आहे.

मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलीचे डिस्ककडील टोक सर्वत्र सारखेच, १५ पिनांचे असते. पण एसएमपीएसकडील टोकाला कोणतेही सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीच्या केबलीत ज्या जागी ५ व्होल्ट असतात त्याच जागी दुसऱ्या कंपनीच्या केबलीत १२ व्होल्ट असू शकतात, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही असा फरक आढळतो. खोबणीचा आकार जुळत असल्यामुळे केबल विनासायास बसते आणि संगणक सुरू होताच डिस्कची पाटी जळते. ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही तिच्या बाबतीत हा धोका पत्करणे अक्षम्य आहे, म्हणून मी इतक्या कळकळीने लिहितो आहे. एसएमपीएसच्या खोक्यात आलेली केबलच वापरावी. जुन्या संगणकातील, मित्राकडील किंवा दुकानदाराने "हीपण चालेल" म्हणून दिलेली केबल लावू नये. एका साटा वीज केबलीवर साधारणपणे तीन-चार टोके असतात, त्यामुळे नव्या डिस्कला चालू असलेल्या केबलीचेच पुढचे टोक जुन्या डिस्कला लावता येईल.

हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून एक वेगळी शक्यताही नोंदवतो. आपली डिस्क फिरते, त्यामुळे आपल्याला ती लागू नाही. काही मोठ्या क्षमतेच्या डिस्क, विशेषतः सर्व्हरसाठी बनवलेल्या किंवा बाह्य खोक्यातून काढलेल्या, नव्या संगणकात मुळीच फिरत नाहीत. साटाच्या नव्या मानकात वीज जोडणीच्या तिसऱ्या पिनेला डिस्क दूरून बंद करण्याचे काम दिले आहे, आणि पूर्वीच्या पद्धतीच्या एसएमपीएसमधून त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट सतत येत असतात. डिस्क तो बंद राहण्याचा आदेश समजते. ज्या एसएमपीएसमधून त्या पिनेवर वीज येत नाही त्याला तीच डिस्क लावली की ती व्यवस्थित चालते. अशी डिस्क खराब समजून परत करण्यापूर्वी हे तपासून पाहावे.

कृष्णाकाठ

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पुस्तिकेतील कोष्टकात अगदी तसेच लिहिलेले सापडले: दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये काही बसवल्यास साटा ५ आणि साटा ६ उपलब्ध नसतील. केबल १ क्रमांकाच्या पोर्टला लावताच बायोसमध्ये हार्ड डिस्क नावासह दिसू लागली.

डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर आता दोन गोष्टी समोर आल्या आहेत. एक म्हणजे "इनिशियलाइझ डिस्क" अशी चौकट येते आणि एमबीआर की जीपीटी (डिस्कवरील भागांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती) असे विचारते. मी ती रद्द केली असून डिस्कच्या ओळीत "अनअलोकेटेड" (वाटप न झालेली जागा) असे काळ्या पट्टीखाली दिसते. क्षमता मात्र ४ टीबी नसून सुमारे ३,७२६ जीबी दाखवते. हा काही दोष आहे का?

दुसरी गोष्ट आपण वर्तवली होती तशीच निघाली. "ईएफआय सिस्टम पार्टिशन" हे नाव लॅपटॉपमधून काढलेल्या ५१२ जीबीच्या एसएसडीच्या ओळीत आहे. नव्या एसएसडीवर सी ड्राइव्ह आणि एक छोटे रिकव्हरी पार्टिशन एवढेच दिसते. ही जुनी एसएसडी मी उद्या-परवा पूर्ण फॉरमॅट करणार होते.

संचयिका

क्षमतेविषयी निर्धास्त राहावे. डिस्क बनवणारे टीबी दशमान पद्धतीने मोजतात, म्हणजे ४ टीबी म्हणजे ४ लाख कोटी बाइट. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजते आणि तरीही जीबी, टीबी हीच अक्षरे लिहिते. त्या हिशेबाने तीच संख्या सुमारे ३,७२६ जीबी किंवा ३.६३ टीबी होते. एकही बाइट कमी पडलेला नाही.

चौकटीत जीपीटी निवडावे. एमबीआर ही १९८० च्या दशकातील मांडणी असून तिच्यात सेक्टरचा (डिस्कवरील छोट्या कप्प्याचा) क्रमांक लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. त्यामुळे ५१२ बाइटांचे सुमारे ४२९ कोटी सेक्टरच मोजता येतात, आणि विंडोजच्या हिशेबात ती मर्यादा २,०४८ जीबी भरते. आपण एमबीआर निवडले असते तर डिस्कचा पहिला २,०४८ जीबीचा भाग वापरता आला असता आणि उरलेले सुमारे १,६७८ जीबी डिस्क जीपीटीत बदलल्याशिवाय वापरता आले नसते. "४ टीबीची डिस्क घेतली पण निम्मीच दिसते" अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा याच एका चौकटीत असते.

त्यानंतर काळ्या पट्टीखालील भागावर उजवी कळ दाबून "न्यू सिंपल व्हॉल्यूम" निवडावे, एनटीएफएस ही फाइल पद्धत ठेवावी आणि ड्राइव्हला अक्षर द्यावे. येथे "क्विक फॉरमॅट"समोरची खूण काढून टाकावी, असा माझा आग्रह आहे. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त नवी अनुक्रमणिका लिहिली जाते. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज डिस्कच्या प्रत्येक भागावर शून्ये लिहिते, आणि एखादा भाग कच्चा असेल तर तो आपली माहिती त्यावर जाण्यापूर्वीच उघड होतो. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर ४ टीबीला सात-साडेसात तास लागतील, तेव्हा ते काम रात्री लावून ठेवावे. मात्र संगणक यूपीएसवर असावा आणि झोपी जाण्याची सोय, म्हणजे स्लीप, तेवढ्यापुरती बंद करावी. नवी डिस्क दगा देणार असेल तर बहुधा सुरुवातीच्या काळातच देते. तिच्यावर ओव्यांची प्रत ठेवायची असल्याने एवढी परीक्षा घेणे योग्यच आहे.

दुरुस्ती_कट्टा

आपण जुनी एसएसडी फॉरमॅट करण्याआधी पाहिलेत, हे फार बरे झाले. डिस्क मॅनेजमेंट स्वतः ईएफआय पार्टिशन पुसू देत नाही, परंतु दुसऱ्या एखाद्या साधनाने पुसले असते किंवा ती एसएसडी काढून दुसऱ्या संगणकात लावली असती, तर आपला संगणक पुढच्या वेळी सुरूच झाला नसता आणि दोष मात्र नव्या एसएसडीत शोधला गेला असता. विंडोज टाकताना संगणकात आधीच एखादे ईएफआय पार्टिशन असेल, तर विंडोजचा स्थापना कार्यक्रम बऱ्याचदा नवे न बनवता तेच वापरतो. लॅपटॉपमधील एसएसडीवर ते होते, म्हणून हे घडले.

यावर दोन मार्ग आहेत. विंडोज तसेच ठेवून सी ड्राइव्ह थोडा आकुंचित करायचा, त्या जागी एफएटी३२ पद्धतीचे छोटे ईएफआय पार्टिशन बनवायचे आणि बीसीडीबूट या आज्ञेने सुरुवातीच्या फाइली तेथे लिहायच्या, हा पहिला मार्ग. तो बरोबर आहे, परंतु डिस्कपार्ट या आज्ञा लिहून चालवायच्या साधनाच्या काळ्या खिडकीत डिस्कचा क्रमांक चुकला तर भलतीच डिस्क पुसली जाते. दुसरा मार्ग म्हणजे विंडोज नव्याने टाकणे. आपला संगणक नवा असून सी ड्राइव्हवर अजून फारसे काही साठलेले नसणार, म्हणून मी आपल्याला हाच सुचवतो. संगणक बंद करून दुसऱ्या एम.२ स्लॉटमधील एसएसडी काढावी, सर्व साटा केबली सोडवाव्यात, फक्त नवी एसएसडी राहू द्यावी. स्थापना कार्यक्रमात तिच्यावरील सर्व पार्टिशने काढून संपूर्ण रिकामी जागा निवडावी आणि पुढे जावे. १०० एमबी किंवा थोडे अधिक आकाराचे ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचे राखीव पार्टिशन, सी ड्राइव्ह आणि रिकव्हरी हे सर्व विंडोज स्वतःच त्या एका एसएसडीवर बनवेल. नंतर बाकीच्या डिस्क परत जोडाव्यात आणि बायोसमधील सुरुवातीच्या क्रमात नव्या एसएसडीचा "विंडोज बूट मॅनेजर" सर्वांत वर आहे याची खात्री करावी, कारण जुन्या एसएसडीवरची जुनी नोंद तेथे शिल्लक असू शकते.

तारयंत्र

पुन्हा विंडोज टाकण्याच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. ओव्या आणि छायाचित्रे असलेली १ टीबीची डिस्क हे सर्व संपेपर्यंत संगणकाच्या जवळही आणू नये. विंडोज नव्याने टाकून झाले, ४ टीबीची डिस्क पूर्ण फॉरमॅट होऊन तयार झाली, आणि संगणक काही दिवस नीट चालला, की मगच ती जोडावी.

जोडताना ती १ ते ४ यांपैकी मोकळ्या पोर्टला लावावी. जुन्या डेस्कटॉपमध्ये ती एमबीआर पद्धतीची असेल तरी हरकत नाही. माहितीची डिस्क म्हणून विंडोज ११ तशी डिस्क वाचते, रूपांतर करण्याची गरज नाही. सर्व ठीक असेल तर तिला आपोआप अक्षर मिळेल आणि फोल्डर दिसतील. जुन्या संगणकावरील वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये शिरताना "आपणास परवानगी नाही, पुढे जायचे का" अशा अर्थाचा प्रश्न येतो. तो अडथळा फक्त मालकीचा असतो, तेथे होकार दिल्याने माहिती पुसली जात नाही. याउलट "इनिशियलाइझ डिस्क" किंवा "वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा" असे विचारले गेले, तर कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नये. नव्या, कोऱ्या डिस्कवर जी चौकट योग्य होती तीच भरलेल्या डिस्कवर आली, तर तिचा अर्थ अनुक्रमणिका वाचता येत नाही एवढाच असतो. माहिती बहुधा जागेवरच असते आणि होकार दिल्याने ती परत मिळवणे अवघड होते.

फोल्डर उघडण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा विनामूल्य कार्यक्रम चालवून डिस्कचा स्वतःचा आरोग्य अहवाल पाहावा. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळी महत्त्वाच्या आहेत. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचताना अडखळलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. तिन्हींच्या कच्च्या संख्या ("रॉ व्हॅल्यूज" रकान्यातील) शून्य असतील तर निश्चिंतपणे प्रत काढावी. सी५ शून्य नसेल तर ओव्यांचा फोल्डर सर्वांत आधी काढून घ्यावा, मग बाकीचे. सी७ ही ओळ मात्र बहुतेक वेळा केबलीविषयी बोलते. ती वाढत असेल तर डेटा केबल बदलावी. डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक असा आवाज येऊ लागला तर त्याच क्षणी संगणक बंद करावा आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे जावे. अशा वेळी पुन्हापुन्हा सुरू करून पाहिल्याने तबकड्यांचे पृष्ठभाग खरवडले जातात.

कृष्णाकाठ

विंडोज नव्याने टाकले. ईएफआय पार्टिशन आता नव्या एसएसडीवर दिसते आणि लॅपटॉपची एसएसडी काढून ठेवली तरी संगणक सुरू होतो. ४ टीबीच्या डिस्कचे पूर्ण फॉरमॅट काहीही अडथळा न येता झाले. सुचवल्याप्रमाणे संगणक काही काळ वापरून पाहिला आणि मग जुनी डिस्क १ ते ४ मधल्या मोकळ्या पोर्टला लावली; तिने कोणतीही चौकट न दाखवता अक्षर घेतले. अहवालात ०५ आणि सी६ शून्य आहेत, पण सी५ समोर लहानशी संख्या आहे. त्यामुळे ओव्यांचा फोल्डर प्रथम उतरवून घेतला आणि त्यातील सर्व फाइली सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येतात. छायाचित्रांची प्रत आता चालू आहे. ती झाल्यावर जुनी डिस्क पुसून वापरात आणावी की नाही?

संचयिका

पुसू नये, आणि अडखळलेले सेक्टर दिसत असल्याने रोजच्या वापरातही आणू नये. प्रत पूर्ण झाल्यावर पॉवरशेलमधील गेट-फाइलहॅश या आज्ञेने दोन्हीकडच्या फाइलींचे ठसे (फाइलीतील मजकुरावरून काढलेले ओळख-संकेत) जुळवून पाहावेत, म्हणजे एखादी फाइल अर्धवट उतरली असेल तर लगेच कळेल. आकार सारखा दिसतो एवढ्यावर समाधान मानू नये.

माहिती जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर गेली तरी चालू स्थितीतील प्रत एकच राहते, हेही लक्षात घ्यावे. ५१२ जीबीची एसएसडी आता मोकळी झाली आहे. ती एनव्हीएमईसाठीच्या यूएसबी खोक्यात घालून ओव्यांची आणि निवडक छायाचित्रांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवता येईल. मात्र एसएसडी वीज न मिळता वर्षानुवर्षे पडून राहणे चांगले नाही, म्हणून ती अधूनमधून जोडून फाइली उघडून पाहाव्यात. जुनी हार्ड डिस्क स्थिरविद्युतरोधक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पावसाळ्यात तो डबा जमिनीपासून व भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावा. डब्यावर डिस्कची क्षमता, तिच्यात काय आहे आणि प्रत कोणत्या महिन्यात काढली हे लिहून ठेवले, तर घरातील दुसऱ्या कोणाला ती उघडण्याची वेळ आली तरी शोधाशोध करावी लागणार नाही.